डोळ्यातला थेंब आणि विषाणूचा पत्ता

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



यंदा कार्यकारिणीने मला 'काहीतरी शास्त्रीय विषयावर बोला' अशी आज्ञा केली, तेव्हा हा माणूस रुळांवर बोलणार असे सर्वांनी गृहीत धरले असणार. रूळ हा माझा धंदाच आहे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस वर्षांहून अधिक काळ दक्षिण रेल्वेत रुळांचीच देखभाल करतो आहे. पण रुळांवर मी घरीही बोलतो, आणि त्यामुळे घरातले माझे श्रोते कमी होत चालले आहेत. म्हणून आज विषय वेगळा घेतला आहे. डोळ्यात शिरणारे हर्पीस जातीचे विषाणू, आणि ते ओळखण्याची विद्या आपल्या या चेन्नईत कशी उभी राहिली, हा तो विषय.

आपल्या एग्मोरहून रिक्षा केली तर थोड्याच वेळात नुंगम्बाक्कमचा कॉलेज रोड येतो. तिथे शंकर नेत्रालय आहे. तेथील लार्सन अँड टुब्रो सूक्ष्मजीवशास्त्र संशोधन केंद्राचे संचालक म्हणून दीर्घकाळ काम केलेले प्रा. एच. एन. माधवन हे आजच्या भाषणाचे नायक. एक नायिकाही आहे, आणि ती आपल्यातली, गायतोंड्यांच्या घरातली आहे. तिची ओळख पुढे करून देईन.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणकारांना विचारून. तेव्हा भाषण ऐकून कोणी औषध बदलू नये.

मित्रहो, डोळ्यांच्या वैद्यकात आपला हा परिसर साधासुधा नाही. एग्मोरचे सरकारी नेत्र रुग्णालय १८१९ साली सुरू झालेल्या संस्थेतून वाढले. लंडनच्या मूरफील्ड्सनंतर जगातील सर्वांत जुन्या नेत्र रुग्णालयांत त्याची गणना होते आणि २०१९ साली त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली. आपल्यापैकी किती जण त्याच्या दारावरून रोज स्टेशनला येतात-जातात, पण आत कोणी डोकावत नाही. आपण ज्याला 'डोळे येणे' म्हणतो त्याला इथे सगळे 'मद्रास आय' म्हणतात, तेही याच शहराच्या खात्यावर जमा आहे. १९१८ च्या सुमारास इथे डोळ्यांची मोठी साथ आली होती आणि कर्कपॅट्रिक नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९२० साली तिच्यावर ब्रिटिश नियतकालिकात लिहिले. त्यांच्याही आधी, १९०१ साली, मुंबईच्या हर्बर्ट नावाच्या डॉक्टरांनी तशाच दुखण्याचे वर्णन केले होते. त्यांनी त्याचा संबंध एका जिवाणूशी जोडला, कारण सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूच दिसतो. ज्या अॅडिनोव्हायरसमुळे अशा साथी येतात तो सापडायला १९५३ साल उजाडावे लागले. दिसला त्याच्यावर आरोप आणि न दिसणारा मोकळा, असा हा प्रकार आहे. पोलीस चौकीतही कधीकधी असेच चालते, पण तो आजचा विषय नाही.

मराठी माणसाचा तर इथल्या डोळ्यांच्या वैद्यकाशी त्याहूनही जुना संबंध आहे. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांच्या काळातील डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कोणाला काय झाले, काय उपचार केले, पुढे दृष्टी कशी राहिली, हे त्यांत लिहून ठेवलेले आहे. शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचा अभ्यास केला. राजे स्वतः हातात शस्त्र धरत की आपल्या डॉक्टरांकडून काम करवून घेत, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला त्या वादापेक्षा नोंदी जास्त मोलाच्या वाटतात. दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने आपल्या रुग्णालयातला डोळा कागदावर उतरवून ठेवला, ही साधी गोष्ट नाही.

आता मी या विषयाकडे का वळलो ते सांगतो.

आमच्या सेक्शनमध्ये एक ट्रॅकमन होता. कामाला वाघ, ऊन-पावसाची पर्वा नाही. काही वर्षांपूर्वी त्याचा डावा डोळा लाल झाला. त्या दिवसांत शहरात डोळ्यांची साथ होतीच, त्यामुळे सगळ्यांनी 'मद्रास आय' म्हणून निकाल देऊन टाकला. त्याने एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, थेंब आणले. दोन दिवस बरे वाटले. लाली गेली, पाणी थांबले. चौथ्या-पाचव्या दिवशी उजेडाकडे बघवेना आणि बुबुळावर पांढुरके काहीतरी दिसू लागले. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिले, तर बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम उमटलेली. हर्पीस सिम्प्लेक्स. दुकानातल्या थेंबात स्टिरॉइड होते. स्टिरॉइडने सूज दबते म्हणून माणसाला बरे वाटते, पण शरीराचा पहारा त्याच वेळी ढिला पडतो आणि विषाणूला रान मोकळे मिळते. पुढे योग्य औषध मिळाले, जखम भरली, पण बुबुळाच्या बरोबर मध्यावर डाग राहिला.

रेल्वेत असलेल्यांना यापुढचे सांगायला नको. नजरेच्या तपासणीत तो बसला नाही. मेडिकल डीकॅटेगराइज झाला आणि त्याला दुसरे काम मिळाले. पगार सुटला नाही, पण गाडी येताना दुरून ओळखणारा माणूस आता गोदामात बसून बोल्ट मोजतो. त्याने मला एकदा विचारले, "सार, आमच्या रुळाला तुम्ही मशीन लावून आतली चीर शोधता. माझ्या डोळ्याला तसे मशीन नव्हते का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो. त्याचे खरे उत्तर असे की त्याच्या बाबतीत मशीनची गरजही नव्हती. पहिल्या दिवशी जाणत्या डॉक्टराने रंग टाकून पाहिले असते तरी भागले असते. पण प्रत्येक डोळा इतका सरळ बोलत नाही. जखम फांद्यांसारखी नसेल, किंवा दुखणे बुबुळावर नसून आत पडद्यापर्यंत गेले असेल, तर नुसत्या नजरेने निदान होत नाही. तिथे माधवन सरांच्या प्रयोगशाळेसारख्या जागेचे काम सुरू होते.

हे हर्पीस घराणे काय आहे ते थोडे पाहू. 'हर्पीस' हा शब्द ग्रीक, अर्थ सरपटणे. भाषा जाणणारे सांगतात की त्या ग्रीक धातूचे आणि आपल्या 'सर्प' शब्दाचे मूळ एकच. आणि आपण मराठीत याच घराण्यातल्या एका रोगाला काय म्हणतो? नागीण! दोन टोकांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकच नाव ठेवले आहे. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, असे आपल्या आज्या सांगत. ते खरे नाही. इथे तामिळ लोक नागिणीला 'अक्की' म्हणतात आणि कुंभाराकडून तिच्यावर काव लावून घेतात, त्याला 'अक्की लिहिणे' असे म्हणतात. माझ्या शेजाऱ्यांनी हे केलेले मी पाहिले आहे. फोड आपल्या मुदतीने सुकतात आणि श्रेय कावेला जाते.

माणसाला होणारे या घराण्यातले विषाणू आठ, आणि सहाव्याचे दोन भाग मोजले तर नऊ. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुटकुळ्या आणणारा सिम्प्लेक्स. कांजिण्या आणि नागीण या दोन्ही आणणारा व्हॅरिसेला-झोस्टर. मग सायटोमेगॅलो, एप्स्टाइन-बार आणि बाकीचे. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच आहे हे थॉमस वेलर यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत दोन्ही विषाणू वाढवून दाखवले. या सर्वांची एक खोड सारखी आहे. एकदा शरीरात आले की जात नाहीत. सिम्प्लेक्स चेहऱ्याच्या मज्जातंतूतून मागे सरकत कवटीच्या आतल्या गाठीत जाऊन बसतो. यार्डात साइडिंगला डबा उभा करून ठेवावा तसा वर्षानुवर्षे पडून राहतो. मग ताप, ऊन, थकवा, असे काही निमित्त झाले की त्याच लाइनने परत येतो, कधी ओठावर, कधी डोळ्यात. म्हणून एकाच डोळ्याला पुन्हा पुन्हा लाली येत असेल तर ती साथ नव्हे.

यावर औषधे आहेत, आणि ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. १९६२ साली हर्बर्ट कॉफमन यांनी डोळ्यातल्या हर्पीसवर आयडॉक्सयुरिडीनचे थेंब वापरून दाखवले. विषाणूवर औषधच नसते असे मानण्याच्या काळात हे घडले. पुढे असायक्लोव्हिर आले. हे औषध मोठे हुशार आहे. विषाणूचे स्वतःचे एक विकर त्याला चालू करते, त्यामुळे ते मुख्यतः विषाणू असलेल्या पेशीतच काम करते आणि निरोगी पेशींना फारसा त्रास होत नाही. औषधशोधाच्या ज्या कामाबद्दल गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल मिळाले, त्यात याचाही वाटा आहे. पण असायक्लोव्हिर सिम्प्लेक्सवर आणि झोस्टरवर जसे चालते तसे सायटोमेगॅलोवर चालत नाही. तिथे गॅन्सायक्लोव्हिर लागते. आणि दुखणे टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही, औषधे निराळीच. डोळ्याच्या पडद्यावर पांढरे डाग दिसतात तेव्हा ते या चौघांपैकी कोणाचेही असू शकतात. 'अक्यूट रेटिनल नेक्रोसिस' म्हणून एक दुखणे आहे, जपानच्या उरायामा यांनी १९७१ साली प्रथम नोंदवलेले. त्यात पडदा दिवसा-दिवसाने सडत जातो, फाटतो, आणि उपचार चुकला तर काही आठवड्यांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरला महिनाभर थांबून 'बघू' म्हणता येत नाही. विषाणूचे नाव हवे, आणि ते लगेच हवे.

नाव शोधण्याची जुनी रीत म्हणजे विषाणू वाढवणे. काचेच्या बाटलीत जिवंत पेशींचा थर जोपासायचा, त्यावर रुग्णाचा नमुना टाकायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकातून पाहायचे की पेशी फुगून मरतात का. ही रीत विश्वासाची, पण तिला दिवस लागतात, आणि नमुन्यातला विषाणू जिवंत असावा लागतो. दुसरी रीत रक्तातली प्रतिपिंडे पाहण्याची. तिच्यात वेगळीच अडचण आहे. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी यातले दोन-तीन विषाणू होऊन गेलेले असतात, त्यामुळे प्रतिपिंडे जवळजवळ सर्वांच्याच रक्तात मिळतात. माधवन आणि के. प्रिया यांनी हेच तपासून २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त लिहिले. पडद्याच्या विषाणूजन्य दाहात रक्तावरची एलायझा चाचणी निदानाला उपयोगाची नाही, असे त्यांचे म्हणणे. गावात चोरी झाली आणि कोणाकोणाकडे कुलूप आहे याची यादी केली, तर चोर कसा सापडणार?

म्हणून डोळ्यातलाच थेंब तपासायचा. पण डोळ्याच्या पुढच्या भागातून सुईने काढता येणारे पाणी किती? सुमारे ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब. त्यात चार-पाच विषाणूंची चौकशी करायची.

हे शक्य झाले ते पीसीआरमुळे. कोविडने या तीन अक्षरांची ओळख सर्वांना करून दिली आहे, पण आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. डीएनए म्हणजे दोन पदरी दोर. तो ९४-९५ अंशांना तापवला की पदर सुटतात. तापमान उतरवले की आपण आधी बनवलेले छोटे तुकडे, ज्यांना प्रायमर म्हणतात, विषाणूच्या डीएनएवर नेमक्या ठरलेल्या जागी चिकटतात. मग ७२ अंशांना एक विकर तिथून पुढे नवा पदर विणते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा उतरवा, दोनाचे चार. अशी ३० आवर्तने झाली की हिशेबाने एका तुकड्याच्या १०७ कोटी प्रती तयार होतात. विषाणू नसेल तर प्रायमरला चिकटायला जागा नाही आणि प्रतही नाही. या कल्पनेचे बीज हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ साली क्लेप्पे आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या निबंधात आहे. अमेरिकेच्या कॅरी मुलिस यांनी १९८३ साली ती पूर्णपणे मांडली आणि १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. एवढ्या उष्णतेत न मरणारे विकर आले ते यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूपासून. थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात तो शोधला तेव्हा त्याचा असा काही उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नातही नसणार.

माधवन आणि त्यांच्या सहकारी के. लिली तेरेस, जे. मालती, के. प्रिया वगैरे मंडळींनी हे तंत्र भारतीय डोळ्यांवर राबवले. आधी वाढवण्याची जुनी रीत आणि पीसीआर एकाच नमुन्यावर चालवून पाहायचे, कुठे दोन्हींचे जमते आणि कुठे बिनसते ते लिहायचे, आणि मगच नव्यावर विश्वास टाकायचा, ही त्यांची पद्धत. मला ती फार आवडली. आमच्याकडे नवे यंत्र आले की जुने अडगळीत टाकण्याची घाई असते. त्यांनी बुबुळावरची खरड, डोळ्यातले पाणी, मागचा द्रव, असे सगळे तपासले. सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार की दुसरा, हे वेगळे ओळखण्याच्या रीती पडताळल्या. 'सर्पिजिनस कोरॉइडायटिस' या (पुन्हा सापासारख्या सरपटणाऱ्या!) दुखण्यात हर्पीस विषाणूंचा हात असतो का, हे २००२ साली पाहिले. तरुण पुरुषांच्या डोळ्यात वारंवार रक्त उतरणारा ईल्सचा आजार आपल्या देशात बराच आढळतो. त्या रुग्णांच्या डोळ्यातून काढलेल्या पापुद्र्यांत क्षयाच्या जिवाणूचा डीएनए इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मिळतो, हे याच गटाने डॉ. ज्योतिर्मय विश्वास यांच्यासह २००० साली दाखवले. म्हणजे विद्या शिकली विषाणूसाठी आणि उपयोगी पडली जिवाणूलाही.

आता मला ज्यावर बोलायचे होते तिथे आलो. परवा एका तरुण सहकाऱ्याने म्हटले, "सर, मशीन आणले की झाले, आता तर सगळे ऑटोमॅटिक आहे." मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो.

आम्ही रुळातली चीर अल्ट्रासोनिक यंत्राने शोधतो. हातगाडीसारखे यंत्र, खाली पाण्याची धार, आणि ध्वनिलहरी रुळात सोडणारे प्रोब. कोणताही ऑपरेटर सकाळी यंत्र सरळ लाइनवर नेत नाही. आधी ते एका ठरावीक रुळाच्या तुकड्यावर चालवायचे, ज्यात मुद्दाम दोष केलेले असतात. तो दोष पडद्यावर दिसला पाहिजे. नाही दिसला तर यंत्र आंधळे आहे, आणि त्याने दिवसभर 'रूळ चांगला' म्हटले तरी ते खोटे. पीसीआरमध्ये अगदी हेच आहे. प्रत्येक फेरीत एका नळीत विषाणूचा डीएनए मुद्दाम घातलेला असतो, ती नळी 'आहे' म्हणालीच पाहिजे. दुसऱ्या नळीत नुसते पाणी असते, तिने 'नाही'च म्हणायला हवे. पाण्याच्या नळीने 'आहे' म्हटले तर त्या दिवसाचे सगळे निकाल फाडून टाकायचे.

पाण्यात विषाणू येईल कुठून? कालच्या नळीतून. एका नळीत शंभर कोटी प्रती असतात. झाकण उघडताना त्यातला अदृश्य शिंतोडा हवेत उडाला आणि आजच्या नमुन्यात पडला, तर यंत्र इमानदारीने त्याचीही वाढ करून दाखवते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत नमुना तयार करण्याची खोली वेगळी, वाढ झालेल्या नळ्या उघडण्याची खोली वेगळी, दोन्हीकडचे कोट आणि पिपेट वेगळे, आणि माणसाने या खोलीतून त्या खोलीत जायचे पण उलट यायचे नाही. एकेरी वाहतूक. आपल्याला हे चटकन समजेल, सिंगल लाइनवर दोन गाड्या समोरासमोर सोडत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून अवघड. यंत्राला प्रतिध्वनी आला म्हणजे चीर असतेच असे नाही. बोल्टच्या भोकातूनही प्रतिध्वनी येतो. तो भोकाचा की भोकापासून निघालेल्या चिरेचा, हे माणसालाच ठरवावे लागते. मग रुळावर 'ताबडतोब काढा' अशी खूण करायची की 'लक्ष ठेवा' अशी, तेही. हर्पीसचे तसेच. हे विषाणू निरोगी माणसातही मुक्काम करून असतात. अश्रूंत किंवा रक्तातून आलेल्या पेशींत त्यांचा डीएनए मिळाला म्हणून आजचे दुखणे त्यांनीच केले असे सिद्ध होत नाही. कुठून नमुना घेतला, डोळा कसा दिसतो, दुसऱ्या कशाचा पुरावा आहे का, हे जुळवून पाहावे लागते. म्हणून प्रयोगशाळेचा माणूस आणि डोळा तपासणारा डॉक्टर यांना एकमेकांशी बोलावे लागते, नुसता कागद पाठवून भागत नाही. माधवन यांच्या निबंधांवर डोळ्यांच्या डॉक्टरांची नावे सोबत दिसतात ती यामुळेच, असे मी समजतो.

अशाच एका निबंधावर आपली नायिका आहे. २००० साली 'अमेरिकन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त एचआयव्ही झालेल्या सलग १०० भारतीय रुग्णांच्या डोळ्यांचा अभ्यास आला. लेखकांत विश्वास आहेत, माधवन आहेत, आणि शेवटचे नाव आहे सोलोमन. या डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातली ही मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकली, परदेशात काम केले, १९७३ साली परत आली आणि त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक झाली.

१९८५-८६ साली 'हा रोग अमेरिकेचा, आपल्याकडे कसा येईल' असे जबाबदार लोक म्हणत होते. सुनीतीबाईंनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय दिला. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे आणि इतरांचे मिळून ८० हून अधिक रक्तनमुने जमवले. ठेवायला नीट जागा नव्हती म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये राहिले. इथे तपासणीची सोय नव्हती, तेव्हा १९८६ च्या फेब्रुवारीत त्या आणि त्यांचे यजमान बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने काटपाडीला गेले आणि तिथून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. सहा नमुने पिवळे झाले. भारतातील एचआयव्हीचे ते पहिले निदान. पुढे अमेरिकेत फेरतपासणी होऊन ते पक्के ठरले. काटपाडीच्या गाड्या आपण रोज पाहतो. त्यातल्या एका गाडीत एक बाई मांडीजवळ तो डबा सांभाळत बसली होती, हे आपल्या खात्याच्या इतिहासात कुठे लिहिलेले नाही, लिहायला हवे.

सुनीतीबाई नुसते निदान करून थांबल्या नाहीत. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले. ज्यांना रुग्णालये दारात उभे करत नव्हती त्यांना तिथे उपचार, सल्ला आणि सन्मान मिळू लागला. एचआयव्ही असलेल्या मुला-मुलींची लग्ने जुळवण्याचे कामही त्यांनी केले, आणि ते काम त्या मराठी मावशीच्या उत्साहाने करत असणार अशी माझी खात्री आहे! २८ जुलै २०१५ रोजी त्या गेल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

मग त्या १०० रुग्णांच्या डोळ्यांत काय निघाले? सर्वांत जास्त आढळले ते सायटोमेगॅलोव्हायरसचे दुखणे, म्हणजे आपल्या हर्पीस घराण्यातलाच एक. प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत तो गप्प असतो. एचआयव्हीने पहारेकरी मारले की तो पडदा खायला लागतो. रुग्ण सांगतो फक्त एवढेच, की डोळ्यापुढे माश्या उडतात. रक्तातला एक विषाणू ओळखणारी बाई आणि डोळ्यातला दुसरा ओळखणारे सर, एकाच शहरातले, एका कागदावर आले ते असे.

पुढच्या काळाचे थोडक्यात सांगतो, कारण तो आपण सर्वांनी पाहिला आहे. २०२० साली पुण्याच्या मायलॅबमध्ये मीनल दाखवे-भोसले या विषाणुशास्त्रज्ञ मुलीने आपल्या चमूसह दीड महिन्यात कोविडच्या पीसीआर चाचणीचा संच तयार केला. तो तपासणीसाठी सुपूर्द केला आणि दुसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली. त्याच वर्षी आम्ही इकडे प्रवासी डब्यांचे विलगीकरणाचे डबे करत होतो. तेव्हा लोक दुकानातही एकमेकांना 'तुमची सीटी व्हॅल्यू किती?' विचारत. त्याच्या मागे नमुना, खोल्या, पाण्याची नळी हे सगळे असते, हे कोणाला माहीत नव्हते.

आता जमलेल्यांच्या उपयोगाचे थोडे बोलून थांबतो.

एकच डोळा लाल झाला, उजेड सहन होत नाही, दिसायला अंधुक झाले, किंवा त्याच डोळ्याला पूर्वीही असे झाले होते, तर साथ समजून घरी बसू नका. एग्मोरचे सरकारी रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. रेल्वेवाल्यांना पेरांबूर आहे. शेजाऱ्याच्या उरलेल्या बाटलीतले किंवा दुकानदाराने दिलेले थेंब टाकू नका. बाटलीवर 'डेक्सा' किंवा 'प्रेडनी' ने सुरू होणारे नाव दिसले तर ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरने दिले तर ते जरूर टाका, कारण योग्य जागी तेच डोळा वाचवते. आपल्या मनाने मात्र नको. कपाळावर नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर काव लावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारा मज्जातंतू एकाच शाखेचा आहे. नागिणीची नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, ती पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. समोर बसलेल्या ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरना विचारावे. मला अजून काही वर्षे आहेत.

आणि कधी डॉक्टर म्हणाले की डोळ्यातून सुईने थोडे पाणी काढून तपासायचे आहे, तर घाबरून घरी पळून येऊ नका. डोळा बधिर करून घेतात, काम फार वेळाचे नसते. ते दोन थेंब कशासाठी हवेत, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या त्या ट्रॅकमनच्या मुलाचा यंदा डोळा लाल झाला, तेव्हा त्याने पोराला त्याच दिवशी तपासायला नेले. साधा मद्रास आयच निघाला. पोरगा चार दिवस शाळा बुडाली म्हणून खुशीत होता.

आरतीची वेळ होत आली आहे, तबक तयार दिसते. कोणाला काही विचारायचे असेल तर प्रसादानंतर मी मागच्या बाजूला, चपलांच्या रांगेपाशी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!